इंग्लंडातला लोकल सर्च: अर्धा मिनिटांत, अर्धा कौन्सिलच्या सवडीने

पुण्या-मुंबईहून इंग्लंडात येऊन स्थिरावलेला माणूस घर घ्यायला निघाला की त्याचा आम्हाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट कधी मिळेल?" सवय तिकडची. वकिलाने दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक २ वर्षानुवर्षं मागे चाळायची, मालकीची साखळी कुठे तुटत नाही ना ते बघायचं, सातबारा आणि फेरफार जुळवायचे. इथे त्या कामाला फारसा वाव नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदणी झालेल्या घराची मालकी एचएम लँड रजिस्ट्रीच्या नोंदीवरच ठरते आणि त्या नोंदीमागे सरकारची हमी असते. टायटल रजिस्टरची प्रत ऑनलाइन ७ पौंडांत मिळते, नकाशाची (टायटल प्लॅनची) आणखी ७ पौंडांत. मालक कोण, कर्जाचा बोजा कोणाचा, शेजाऱ्याला वाटेचा हक्क आहे का, हे सगळं त्या चार-पाच पानांत येतं. (स्कॉटलंडचा कायदा निराळा, तिथलं काही यात नाही.)

सर्च करायचा तो कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, दप्तराचा. त्यालाच लोकल सर्च म्हणतात. त्या जागेवर कौन्सिलने कोणत्या अटी घातल्यात, कोणती नोटीस काढलीय, घरासमोरचा रस्ता कोणाचा, मागचं वाढीव बांधकाम मंजूर आहे का. यातलं बहुतेक टायटल रजिस्टरमध्ये दिसत नाही, आणि दिसलं नाही तरी नव्या मालकाच्या गळ्यात पडतंच. अट जमिनीला चिकटलेली असते, माणसाला नाही. खरेदीदाराच्या बाजूने कन्व्हेयन्सिंग (खरेदीचं कायदेशीर काम) करताना आमचा सर्वाधिक वेळ खाणारी फाइल हीच, म्हणून तिचा प्रवास इथे क्रमाने मांडतोय.

लोकल सर्च म्हणजे दोन कागद. पहिला एलएलसी१: १९७५च्या लोकल लँड चार्जेस (जमिनीला चिकटलेले स्थानिक बोजे) कायद्याखाली ठेवलेल्या नोंदवहीचा दाखला. या नोंदवहीचे बारा भाग आहेत. घरांच्या खरेदीत वारंवार भेटतात ते आर्थिक बोजे, नियोजनाच्या अटी, किरकोळ निर्बंध आणि वारसा इमारतींचे भाग. उघड्या कोळसाखाणींचा आणि नागरी विमान वाहतुकीचाही एकेक भाग आहे, पण तो उघडायची वेळ क्वचित येते. दुसरा कागद कॉन२९: कौन्सिलला विचारायच्या ठरावीक प्रश्नांचा संच. सध्या चालतो तो २०१६ पासूनचा. पाणी आणि सांडपाणी, पूर आणि पर्यावरण, जुन्या खाणपट्ट्यात कोळसा, यांचे सर्च वेगळे. ते खासगी कंपन्या किंवा संबंधित संस्था देतात, आणि सहसा त्यांच्यामुळे खरेदी अडत नाही.

अडते ती लोकल सर्चवर, कारण इंग्लंडात तीनशेहून अधिक कौन्सिलं आपापली नोंदवही आपापल्या पद्धतीने ठेवत आली. कुठे कार्डांचे खण, कुठे जाडजूड बाडं, कुठे मायक्रोफिश, कुठे नव्वदच्या दशकात घेतलेली आणि तेव्हापासून ठिगळं लावत चालवलेली संगणकप्रणाली. फी वेगळी, लागणारा वेळ वेगळा. एका कौन्सिलकडून दोन दिवसांत उत्तर, शेजारच्या कौन्सिलकडून दोन महिन्यांत. २०१५च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्याने यातला एलएलसी१चा भाग लँड रजिस्ट्रीकडे द्यायचं ठरवलं. देशभरासाठी एकच नोंदवही, नकाशावर बसवलेली. जुलै २०१८ मध्ये वॉरिक जिल्हा कौन्सिल सर्वात आधी तिकडे गेली, मग एकेक करत बाकीच्यांची दप्तरं हलू लागली. जी कौन्सिल हलली तिचा एलएलसी१ आता तिच्याकडून मिळतच नाही, लँड रजिस्ट्रीकडूनच घ्यायचा. कॉन२९ मात्र सगळीकडे अजून कौन्सिलकडेच. डिजिटल झालंय ते इतकंच, आणि "सर्च आता ऑनलाइन मिनिटांत होतो" असं एस्टेट एजंट सांगतो तेव्हा तो या अर्ध्याबद्दलच बोलत असतो.

आधी त्या मिनिटांतल्या अर्ध्याचं बघू. उदाहरणादाखल नेहमीचं घर धरू: १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं), मागे स्वयंपाकघर वाढवलेलं, आणि गॅरेज घराला लागून नसून मागच्या गल्लीत. सरकारच्या गव्ह डॉट यूके संकेतस्थळावरच्या लोकल लँड चार्जेस सेवेत खातं उघडायचं, पोस्टकोड किंवा पत्ता घालायचा. कौन्सिल अजून हललेली नसेल तर तिथेच तसं कळतं आणि मग एलएलसी१सुद्धा कौन्सिलकडेच मागायचा. हललेली असेल तर नकाशा उघडतो. इथे घाई करायची नाही. पत्ता निवडला की एक हद्द आपोआप आखून मिळू शकते आणि बहुतेक जण तीच स्वीकारून पुढे जातात. आपल्या उदाहरणातलं गॅरेज त्या हद्दीत नसतं. टायटल प्लॅन शेजारी उघडून ठेवायचा, त्यावरच्या लाल रेषेत जे जे आहे ते सगळं नकाशावर आखायचं. गॅरेज वेगळ्या टायटल नंबरवर असेल तर दोन्ही टायटल प्लॅन घ्यायचे. फ्लॅट असेल तर फक्त त्या मजल्यावरच्या चौकटीचा विचार करून भागत नाही. बोजा सहसा अख्ख्या इमारतीच्या जमिनीवर नोंदलेला असतो, म्हणून इमारतीचा पूर्ण पाया आणि पार्किंगची जागा आखायची.

निकाल नुसता स्क्रीनवर बघायला पैसे पडत नाहीत. अधिकृत दाखल्याला १५ पौंड. तो पीडीएफ लगेच उतरवून घेता येतो, आणि त्याच जागेचा सर्च पुढचे सहा महिने पुन्हा पुन्हा फुकट करता येतो. आमच्या मते या साऱ्या डिजिटल खटाटोपाचा खरा फायदा हा आहे, वेगापेक्षाही. कागदी काळात सर्च एकदा यायचा आणि एक्सचेंज (खरेदीचा करार पक्का) होईपर्यंत तोच जुना होत पडायचा. मधल्या काळात झाडतोड रोखणारा आदेश निघाला तरी कोणाला पत्ता नसे. आता एक्सचेंजच्या सकाळी पुन्हा बटण दाबायचं. दहा मिनिटांचं काम आहे, तरी कित्येक ऑफिसांत होत नाही.

अधिकृत दाखला घ्यायचा की फुकट बघून भागवायचं? कर्ज काढून घेत असाल तर नुसतं फुकट बघून बँकेचं सहसा भागत नाही. रोखीने घेत असाल तरी घ्या. दाखल्यात एखादा बोजा आलाच नाही आणि तो प्रत्यक्षात होता, तर बोजा तुमच्यावर लागू राहतोच, पण १९७५च्या कायद्याच्या कलम १० खाली भरपाई मागता येते. त्यासाठी करार पक्का होण्याआधी सर्च झालेला असला पाहिजे. नंतर केलेल्या सर्चला ते संरक्षण नाही.

आता निकाल वाचायचा. प्रत्येक नोंदीत बोज्याचा प्रकार, कोणत्या कायद्याखाली, ठिकाण, वर्णन, मूळ कौन्सिल, कौन्सिलचा संदर्भ क्रमांक, बोजा निर्माण झाल्याची तारीख, नोंदीची तारीख आणि मूळ कागद कुठे ठेवलाय हे असतं. नवखा माणूस वर्णनाचा रकाना वाचतो आणि थांबतो. तिथे बहुतेकदा "सशर्त नियोजन परवानगी" एवढंच असतं. अट काय आहे ते नोंदवहीत नसतंच. संदर्भ क्रमांक घेऊन कौन्सिलच्या नियोजन विभागाच्या संकेतस्थळावर जायचं, परवानगीचं पत्र शोधायचं, आणि त्याच्या शेवटी क्रमांकवार दिलेल्या अटी वाचायच्या. जुनी पत्रं स्कॅन झालेली नसतात. मग प्रतीसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि डिजिटल सर्चने वाचवलेले दिवस इथे परत जातात.

अटी वाचायच्या त्या घरात पुढे काय करायचंय ते डोळ्यांसमोर ठेवून. "गॅरेजचा उपयोग वाहन ठेवण्यासाठीच करावा" अशी अट असेल तर तिथे आईवडिलांसाठी खोली काढायचा बेत वेगळी परवानगी मिळेपर्यंत बाजूला ठेवा. नव्या वसाहतींत "परवानगीशिवाय करता येणारी वाढीव बांधकामं या घरांना लागू नाहीत" अशा आशयाची अट सर्रास असते. शेजारच्या रस्त्यावर लोक मागे तीन मीटर वाढवतात, माळ्यावर खोली काढतात, म्हणून आपणही, असं इथे चालत नाही. हीच गोष्ट नियोजन नियमांतल्या 'आर्टिकल ४' खालच्या आदेशाची. भाडेकरूंची घरं वाढलेल्या भागांत कौन्सिल हा आदेश लावते, आणि मग कुटुंबाचं घर तीन-चार स्वतंत्र भाडेकरूंना द्यायचं तर नियोजन परवानगी लागते. विद्यार्थ्यांना खोल्या देऊन हप्ता भागवू असा हिशेब करणाऱ्याने ही नोंद आधी शोधावी.

आर्थिक बोज्याच्या भागात काही दिसलं तर लिहून मागायचं: रक्कम किती, कम्प्लीशनच्या (ताबा मिळण्याच्या) दिवशी विकणारा ती फेडणार का. कौन्सिलने पडकी भिंत स्वतः दुरुस्त करून खर्च घरावर टाकलेला असतो, किंवा कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही (नव्या बांधकामावरचा कौन्सिलचा आकार) थकलेली असते. स्वतः बांधून राहणाऱ्याला या लेव्हीतून सूट मिळते, पण घर पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत विकलं तर ती परत मागितली जाते. नवंकोरं, मालकाने हौसेने बांधलेलं घर लवकर विकायला निघालं असेल तर हे आधी तपासा.

कधी कधी निकालात भलत्याच घराचा बोजा येतो. त्याचं कारण दप्तर हलवण्याच्या कामात आहे. जुन्या नोंदींच्या हद्दी कागदी नकाशावर शाईने आखलेल्या. १:२५०० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाड रेष म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. ओळीतली जुनी घरं चार-पाच मीटर रुंदीची असतात. ती रेष संगणकावर गिरवली की शेजाऱ्याच्या बोज्याची कड तुमच्या अर्ध्या दिवाणखान्यावर येते. नकाशावर बोज्याची आकृती बघायची. ती आपल्या हद्दीला कडेने नुसती चाटून जात असेल तर बहुधा शेजाऱ्याची आहे, पण "बहुधा"वर थांबायचं नाही, संदर्भ क्रमांकावरून मूळ परवानगीतला पत्ता बघायचा. उलटही होतं: फेडलेलं अनुदान, मुदत संपलेली अट कोणी काढलीच नाही आणि स्कॅन करताना तीही नव्या नोंदवहीत आली. दुरुस्ती मूळ कौन्सिलने करायची असते. लँड रजिस्ट्रीला कितीही पत्रं लिहिली तरी ती स्वतः नोंद काढणार नाही. हे काम विकणाऱ्याच्या बाजूने सुरू करायला लावावं, कारण कागद त्याच्याकडे असतात.

आणि जे मूळ कागदावर नाही ते पडद्यावर येणार नाही. १ एप्रिल १९७४ ला इंग्लंडातल्या स्थानिक संस्थांची फेररचना झाली, जुनी नगरं आणि ग्रामीण जिल्हे नव्या कौन्सिलांत विलीन झाले, दप्तरं गाड्यांत भरून हलली. त्या हलवाहलवीत हरवलेलं पुढच्या कोणत्याही सर्चमध्ये सापडत नाही. आणखी एक कायदेशीर खाच आहे: १९७५चा कायदा १ ऑगस्ट १९७७ पासून अमलात आला, आणि त्याआधी दिलेल्या नियोजन परवानगीच्या अटी या कायद्याने लोकल लँड चार्ज मानल्याच नाहीत. साठच्या दशकातल्या वसाहतीतलं घर असेल तर एलएलसी१ कोरा येऊ शकतो आणि अट तरीही जिवंत असू शकते. तिचा माग लागला तर कॉन२९च्या पहिल्या प्रश्नात लागतो.

म्हणून दुसरा अर्धा. कॉन२९ सोबत नकाशा जोडावा लागतो: ऑर्डनन्स सर्व्हेच्या आधाराचा, शक्यतो १:१२५० प्रमाणाचा, उत्तर दिशा दाखवलेला, जागा लाल रेषेने वेढलेली. गुगलच्या नकाशाचा स्क्रीनशॉट जोडला की अर्ज परत येतो आणि रांगेतला नंबर जातो. फॉर्ममध्ये ब चौकटीत पत्ता आणि क चौकटीत इतर रस्ते लिहायचे असतात. या क चौकटीची किंमत फार थोड्यांना कळते. कौन्सिल रस्त्याबद्दल उत्तर देते ते फक्त नाव घेतलेल्या रस्त्यांबद्दल. आपल्या उदाहरणातल्या घराचं गॅरेज मागच्या गल्लीत उघडतं. ती गल्ली क चौकटीत लिहिली नाही तर समोरच्या रस्त्याचं "हो, सार्वजनिक खर्चाने देखभाल" असं उत्तर येतं, सगळे निर्धास्त होतात, आणि गल्ली खासगी निघाली तर गाडी गॅरेजात नेण्याचा हक्कच कागदावर नसतो. गल्लीला नाव नसेल तर नकाशावर दुसऱ्या रंगाने दाखवून तसं लिहायचं.

रस्त्याचा प्रश्न २.१. उत्तर नकारार्थी असेल तर तीन गोष्टी बघायच्या. टायटलमध्ये त्या रस्त्यावरून जाण्याचा हक्क आहे का, देखभालीचा खर्च कोण आणि कसा वाटून घेतं, आणि कौन्सिल पुढे रस्ता बांधून लगतच्या घरमालकांकडून वसुली करणार आहे का. नव्या वसाहतीत बिल्डर आणि हायवे अथॉरिटी (रस्ते सांभाळणारी संस्था) यांच्यात हायवेज कायद्याच्या कलम ३८ चा, रस्ता सार्वजनिक करून घेण्याचा, करार हवा आणि त्यामागे बॉण्ड (पैशांची हमी) हवा. करार आहे पण बॉण्ड नाही, असं असेल तर बिल्डर बुडाल्यावर रस्ता रहिवाशांच्या माथी येतो. उत्तर होकारार्थी असलं तरी एक फट उरते: रस्ता सार्वजनिक असतो, पण रस्त्याची कड आणि आपल्या कुंपणाची कड यांच्यामधला गवताचा पट्टा तिसऱ्याच कोणाच्या मालकीचा. अशी शंका आली तर हायवे विभागाकडून रस्त्याच्या हद्दीचा नकाशा वेगळा मागवायचा. लोकल सर्चमध्ये तो येत नाही.

प्रश्न १.१ मध्ये नियोजनाचे निर्णय आणि बिल्डिंग रेग्युलेशनची प्रमाणपत्रं येतात. इथे घर आणि कागद समोरासमोर ठेवायचे. सर्व्हेअरच्या अहवालात मागचं वाढीव स्वयंपाकघर आहे, माळ्यावर खोली आहे, खिडक्या नव्या आहेत. कॉन२९ मध्ये त्यातल्या प्रत्येकाची नोंद सापडते का? १ एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांना खिडक्या बसवणाऱ्यांच्या फेन्सासारख्या योजनेचं प्रमाणपत्र किंवा कौन्सिलचं प्रमाणपत्र हवं. उत्तराच्या तळाशी बहुतेक कौन्सिलं बारीक अक्षरांत लिहितात की बिल्डिंग कंट्रोलच्या नोंदी अमुक वर्षापासूनच तपासल्या. ते वर्ष वाचल्याशिवाय "नोंद नाही" याचा अर्थ लागत नाही. नोंद नाही म्हणजे काम बेकायदा, असं नाही. नोंद नाही म्हणजे काम कायदेशीर, असंही नाही.

कागद नसेल तर करायचं काय? इथे खरेदीदार उत्साहाने जी चूक करतात ती निस्तरता येत नाही: कौन्सिलला फोन लावून विचारतात, "या घराच्या माळ्याला परवानगी होती का हो?" त्या एका फोनने इन्डेम्निटी विम्याचा (कागद नसल्यामुळे कारवाई झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचा) रस्ता बंद होतो. पॉलिसीची नेहमीची अट असते की या विषयावर कौन्सिलशी संपर्क झालेला नसावा. आधी सॉलिसिटरशी बोला. नियोजनाच्या उल्लंघनावर कारवाईची मुदत इंग्लंडात २५ एप्रिल २०२४ पासून दहा वर्षं झाली आहे, आधी बांधकामाला चार वर्षं होती, आणि त्या तारखेआधी बहुतांशी पूर्ण झालेल्या बांधकामाला अजूनही चारच. बिल्डिंग रेग्युलेशनच्या उल्लंघनावर काम पाडायला किंवा बदलायला लावणारी नोटीसही आता दहा वर्षांपर्यंत काढता येते, पूर्वी एक वर्ष होतं. त्यामुळे "चार वर्षं झाली, आता काही होत नाही" हा एजंटचा दिलासा आता सरसकट खरा राहिलेला नाही. आणि विमा घेतला तरी तो कारवाईच्या खर्चाचा असतो. भिंत काढून तिच्या जागी बसवलेली तुळई वजन पेलते का, हे विमा कंपनी बघत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरला पैसे द्यावे लागतात, आणि ते द्यावेत.

बाकीच्या प्रश्नांपैकी रेडॉनचा ३.१४ कॉर्नवॉल, डेव्हन, डर्बीशरसारख्या भागांत महत्त्वाचा. घर बाधित पट्ट्यात आहे एवढंच उत्तर मिळतं, घरात वायू किती आहे ते नाही. मोजणीला तीन महिने लागतात, म्हणजे खरेदीच्या वेळापत्रकात ती बसत नाही. म्हणून किमतीतली थोडी रक्कम वकिलाकडे राखून ठेवायची, मोजणीत घनमीटरला २०० बेकरेलपेक्षा जास्त आलं तर त्यातून उपाय करायचे, नाहीतर रक्कम विकणाऱ्याला. नव्या रस्त्यांचा आणि रेल्वेचा प्रश्न फक्त २०० मीटरच्या परिघाचा आहे. आणि शेजारच्या प्लॉटवर चार मजली इमारतीचा अर्ज पडून असला तरी कॉन२९ त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, कारण सर्च तुमच्या जागेचा आहे. कौन्सिलच्या नियोजन संकेतस्थळावर नकाशा उघडून आजूबाजूचे अर्ज स्वतः बघायचे. फुकट आहे, आणि वकिलाच्या कामात ते सहसा धरलेलं नसतं.

कॉन२९ ला वेळ का लागतो, तर तो एका टेबलावर तयार होत नाही. नियोजन, बिल्डिंग कंट्रोल, पर्यावरण आरोग्य, रस्ते, प्रत्येक विभागाची उत्तरं वेगळ्या प्रणालीतून यायची. जिथे जिल्हा कौन्सिल आणि काउंटी कौन्सिल असे दोन थर आहेत तिथे रस्त्यांची उत्तरं काउंटीकडून येतात, आणि जिल्ह्याचं काम तयार असूनही फाइल त्यांच्यासाठी पडून राहते. स्टॅम्प ड्यूटीच्या तारखांनी गर्दी होते. ३१ मार्च २०२५ च्या आधी सवलत साधायला सगळे एकदम धावले तेव्हा हेच झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या हॅकनी कौन्सिलवर सायबर हल्ला झाला आणि तिथले सर्च कित्येक महिने विस्कळीत राहिले, लोकांच्या खरेद्या लटकल्या. नोंदी कागदावरून हलल्या तरी एका कौन्सिलच्या एका सर्व्हरवरच राहिल्या तर काय होतं, त्याचा हा दाखला.

रांग मोठी असली की पर्सनल सर्चचा पर्याय येतो. खासगी कंपनी २००४च्या पर्यावरण माहिती नियमांखाली कौन्सिलच्या नोंदी स्वतः बघून उत्तरं भरते. स्वस्त पडतो, बऱ्याचदा लवकरही येतो. पण अहवाल आल्यावर "माहिती उपलब्ध नाही, विम्याने संरक्षित" असं लिहिलेल्या ओळी मोजा. रस्त्याचा किंवा बिल्डिंग कंट्रोलचा प्रश्न त्यात असेल तर तो विमा तुम्हाला नुकसानीनंतर पैसे देईल, घर घ्यावं की नाही ते सांगणार नाही. कर्ज देणारी बँक पर्सनल सर्च मानते का, हे यूके फायनान्सच्या हँडबुकच्या दुसऱ्या भागात बँकेनुसार दिलेलं असतं. ते बघूनच मागवायचा.

पैशांचं सांगायचं तर कौन्सिलचा पूर्ण लोकल सर्च साधारण शंभर ते तीनशे पौंडांच्या घरात बसतो. कॉन२९ वर २०१७ पासून व्हॅट आहे, एलएलसी१ वर नाही. गॅरेजसारखा सुटा तुकडा असेल तर कौन्सिल त्याची जादा फी लावू शकते. गावाकडचं घर असेल, शेजारी मोकळं कुरण असेल, तर कॉन२९ओ या ऐच्छिक प्रश्नांच्या जोड-संचातला २२ क्रमांकाचा सामाईक जमिनीचा प्रश्न जरूर घ्या. घरापर्यंतची वाट सामाईक जमिनीवरून जात असेल तर गाडी नेण्याचा हक्क आहे की नाही, हे आधी कळलेलं बरं.

मागवायचा केव्हा? ऑफर मान्य झाली, टायटल प्लॅन हातात आला आणि त्यावरची हद्द जागेवर दिसते तशीच आहे हे तपासलं, की त्याच दिवशी कॉन२९ टाकायचा. कर्जमंजुरीची वाट बघण्यात दोन-तीन आठवडे जातात आणि ते नंतर भरून निघत नाहीत. मात्र लांब चेन (एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रींची साखळी) असेल, वरच्या विकणाऱ्याला अजून घरच सापडलेलं नसेल, तर थांबा. बँका कम्प्लीशनच्या दिवशी सर्च सहा महिन्यांपेक्षा जुना चालवून घेत नाहीत, आणि मोजणी सर्चवरच्या तारखेपासून होते, तो तुमच्या हातात आल्यापासून नाही. एलएलसी१ पुन्हा काढायला सहा महिन्यांत पैसे पडत नाहीत. कॉन२९ शिळा झाला तर नवी फी, नवी रांग, किंवा बँक मानत असेल तर मधल्या काळापुरता विमा. त्या विम्याचा हप्ता कोणी भरायचा यावर एक्सचेंजच्या आदल्या आठवड्यात वाद घालण्यापेक्षा, उशीर ज्याच्यामुळे झाला त्याच्या वकिलाला आधीच ईमेल करून ठेवा.